गायतोंडे आणि ओल आलेली भिंत

२०२५च्या सप्टेंबरात दिल्लीतल्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी रुपयांना गेलं. ही बातमी आपल्या गटावर सकाळी सातला पडली. साडेसातपर्यंत तिला पंधरावीस अंगठे मिळाले आणि पाठोपाठ पहिला प्रश्न आला, "हे आपलेच गायतोंडे ना?" मग मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, गिरगावात कोणाच्या शेजारी राहायचे, असा दिवसभर धुरळा उडाला. चित्राबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी एका काकांनी तेवढं विचारलं, "पण चित्रात नेमकं आहे काय?" त्यांना उत्तर मिळालं नाही. तेव्हा या वेळचं सदर त्या काकांसाठी, आणि गटावर काही न बोलता नुसतं वाचून गप्प बसणाऱ्या तुम्हा पोरांसाठी.

'आपले का' हे आधी उरकून टाकते. हो, आपलेच. घराणं गोव्याचं, गाव बार्देशातलं उसकई, म्हापशापासून अगदी जवळ. जन्म मात्र नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४चा. लहानपणाचा काही काळ गोव्यात गेला आणि मग गिरगावातली चाळ. गोव्याच्या कितीतरी कुटुंबांचा त्या काळातला हाच रस्ता होता. गंमत बघा, त्याच १९२४ सालच्या एप्रिलमध्ये त्याच बार्देशात, साळगावला, फ्रान्सिस न्यूटन सोझा जन्मले. एका तालुक्याशी नातं सांगणारे, एकाच वर्षी जन्मलेले दोन चित्रकार, दोघांच्याही चित्रांना आज कोटींत बोली लागते, आणि स्वभाव पाहावेत तर एक वैशाख, दुसरा पौष. सोझा भांडखोर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांना १९४५ साली काढून टाकलं होतं. १९४७ साली 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला, त्यातही पुढाकार त्यांचा. त्यांची चित्रं समोर येऊन गचांडी धरतात. गायतोंड्यांची चित्रं तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. तुम्हीच जाऊन उभं राहायचं.

गायतोंडेही जे. जे.चेच. १९४८ साली त्यांनी तिथली पदविका घेतली. वडिलांना हा चित्रकलेचा नाद पसंत नव्हता. (यात नवल नाही. आपल्या घरांत आजही 'कमर्शियल घे निदान' हे वाक्य ऐकू येतंच.) जे. जे.त अहिवासी मास्तर भारतीय शैलीचा वर्ग चालवत, शंकर पळशीकर शिकवत. त्या वळणाची गायतोंड्यांची सुरुवातीची चित्रं पाहिली तर चकित व्हाल. त्यांत माणसं आहेत, बायका आहेत, लघुचित्रांतल्यासारखे सपाट झगझगीत रंग आहेत, आणि रेषा अशी की ज्याचं नाव ते. म्हणजे 'याला माणूस काढता येत नव्हता म्हणून याने नुसते रंग फासले' हा आपल्याकडचा लाडका आरोप इथे टिकत नाही. माणूस उत्तम काढता येत होता. तो त्यांनी सोडला.

कसा सोडला, ते हळूहळू. १९५० साली त्यांना प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये बोलावून घेतलं. पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची चित्रं त्यांना भावली होती. त्यांच्या चित्रांतल्या आकृत्या सुट्या व्हायला लागल्या, रेषेपुरत्या उरल्या. १९५७ साली तोक्योला तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. त्या सुमारास ते वॉर्डन रोडवर समुद्राकाठी भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करत. काय जागा असेल ती! एका खोलीत हुसेन, एका बाजूला रविशंकरांची सतार, वर अल्काझींची नाटकाची तालीम, आणि गायतोंडे तासन् तास समुद्राकडे बघत बसलेले. आपल्या गोव्याच्याच प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, तिथेच त्यांच्याकडे बघत बघत घडल्या. साठ साल उजाडेपर्यंत गायतोंड्यांच्या कॅनव्हासवरून माणूस, झाड, घर, सगळं गेलं. चित्राला नाव देणंही गेलं. उरला रंग आणि त्यातून झिरपणारा उजेड. अशा चित्रांना आपण 'अमूर्त' म्हणतो. गायतोंड्यांना तो शब्द मान्य नव्हता. आपलं काम वस्तुनिरपेक्ष आहे, असं ते म्हणत. फरक बारीक वाटेल, पण आहे. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसट केलं, असं होतं. त्यांच्या चित्रात पुसट केलेला डोंगर नसतो. शोधू नका.

आता काकांचा प्रश्न.

मागच्या डिसेंबरात माझा भाचा पुण्याहून मुंबईला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, आणि तोंडाला कुलूप नाही. त्याला घेऊन मी फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेले. जहांगीर निकल्सन नावाच्या एका गृहस्थांनी आयुष्यभर आधुनिक भारतीय चित्रं जमवली. तो संग्रह आता तिथे आहे आणि त्यांच्या दालनात तो आलटून पालटून मांडतात. आमच्या नशिबाने त्या दिवशी एक गायतोंडे भिंतीवर होता. हिरवट करडा, मधोमध काही गडद तुकडे, जसे पाण्यावर तरंगत यावेत तसे. भाच्याने मान वाकडी करून पाहिलं, पाटी वाचली, परत पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, रागावू नकोस, पण पेडण्याच्या घरी मागच्या पडवीच्या भिंतीला ओल येते ना, ती अशीच दिसते."

मी रागावले नाही. उलट म्हटलं, "ती ओल तू किती वेळ बघितली आहेस?"

तो हसला. "लहानपणी ताप आला होता तेव्हा. दिवसभर. त्यात मला एक घोडा दिसायचा."

"मग इथेही तेवढा वेळ उभा राहा. फक्त घोडा शोधू नकोस."

दहा मिनिटं उभा राहिला. त्याच्या वयाला दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ. मग हळूच म्हणाला, "हे वरून लावलेलं नाहीये. आतून आलंय."

मी त्याला शाबासकी दिली, कारण त्याने नेमकी कळ दाबली होती. गायतोंड्यांच्या चित्राकडे बघून आपल्याला वाटतं की रंग लावला आहे. प्रत्यक्षात अर्धं काम रंग काढण्याचं आहे. ते ब्रशवर फार अवलंबून नसत. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, वर दुसरा, मग तिसरा. ओल्या थरावरून पॅलेट नाइफ फिरवून रंग खरवडून न्यायचा. वर्तमानपत्राचे, मासिकाचे कागद कापून ते ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो आणि खालचा थर जागोजागी डोकावतो. कधी रंग माखलेला कागद दाबून आकार उमटवायचा. हे करताना काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, एवढाच निर्णय. उजेड वरून मारलेला नसतो. खालच्या थरात तो आधीच असतो, वरचं थोडं दूर केलं की दिसतो. म्हणून ते चित्र आतून उजळल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच फोटोत किंवा मोबाइलवर ते मेलेलं दिसतं. गटावर फिरणाऱ्या फोटोवरून मत बनवू नका, एवढी विनंती. मोबाइलच्या पडद्याला थर नसतात.

आणि ओल आलेल्या भिंतीवरून मला आपल्याकडच्या दुसऱ्या भिंती आठवल्या, ज्यांच्यावर चित्र 'काढत' नसत, चित्र 'उघडं करत'. त्या पाहायला पेडणे-डिचोलीकडे यावं लागतं.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर या दोन तालुक्यांचंच का हे कळणार नाही. बार्देश पोर्तुगिजांच्या हाती १५४३ साली गेला. तिथली देवळं पाडली गेली, आणि देव रातोरात नद्या ओलांडून पलीकडे आले. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हते. ते त्यांच्याकडे गेले थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर पोर्तुगिजांचा तो पहिला आवेश ओसरला होता. त्यामुळे अडीच शतकं हा टापू देवांचं आजोळ होऊन राहिला. कळंगुटची शांतादुर्गा डिचोलीत नानोड्याला आली, ती आजही कळंगुटकरीण म्हणूनच ओळखली जाते. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधून घेतलं. तर या दोन तालुक्यांतल्या देवळांच्या भिंतींना वय आहे, आणि त्या भिंतींवर हात फिरवणारे कारागीरही इथे होते.

त्यांची कला म्हणजे कावी. काव म्हणजे तांबडी माती, आपल्या डोंगरांचा रंग. मोरजीच्या मोरजाईच्या देवळाचं नाव कावीच्या अभ्यासात नेहमी निघतं. ही कला एकट्या गोव्याची नव्हे. वर सावंतवाडी-कुडाळपासून खाली कारवार, कुमठा, होन्नावरपर्यंतच्या पट्ट्यात ती होती. होन्नावरचेच डॉ. कृष्णानंद कामत यांनी गावोगाव हिंडून तिचे फोटो काढले, तिच्यावर लिहिलं. ते नसते तर आज बोलायला फारसं उरलं नसतं.

कावीची रीत ऐका. शिंपले भाजून त्यांचा चुना करायचा. त्यात वाळू आणि गूळ घालून ते मिश्रण भिजत ठेवायचं, मग कुटून कुटून लोण्यासारखं मऊ करायचं. त्याचा गिलावा भिंतीवर. तो पांढरा थर ओला असतानाच वर कावेचा तांबडा थर. आणि तोही ओला असतानाच लोखंडी काट्याने तांबडं खरवडून काढायचं, की खालचं पांढरं उघडं पडतं. तीच रेषा. तेच चित्र. वेलबुट्टी, देव, रामायण-महाभारतातले प्रसंग, भौमितिक पट्ट्या, सगळं या एका खरवडण्यातून. मग गुळगुळीत गोट्याने घासून भिंतीला चकाकी आणायची आणि काही दिवस ती ओली राखायची, म्हणजे चुना हवेशी मिळून दगडासारखा घट्ट होतो. रंग दोनच, तांबडा आणि पांढरा. पांढरा तर लावलेलाच नाही, तो खालचा. कोकणातला पाऊस सोसून या भिंती दीडदोनशे वर्षं उभ्या राहिल्या, कारण चित्र भिंतीवर नव्हतं, भिंतीत होतं.

आता कृपा करून 'कावी पाहून गायतोंडे घडले' असं कोणी गटावर टाकू नका. मी तसं म्हणत नाही. त्यांची वाट लघुचित्रं, क्ले, न्यूयॉर्क अशी कागदोपत्री स्पष्ट आहे. शिवाय दोन्हींत मोठा फरक आहे. कावीवाल्याला वेळ नव्हता. चुना सुकायच्या आत काटा चालला पाहिजे, चुकलं तर खोडरबर नाही. गायतोंडे एका चित्रापाशी आठवडेच्या आठवडे काढत, त्यातला बराच वेळ नुसते बसून. माझं म्हणणं एवढंच की चित्र म्हणजे वरून काहीतरी चढवणं नव्हे, वरचं काढून खालचं दाखवणं, ही समज आपल्या आजीपणज्यांच्या डोळ्यांना परकी नव्हती. दर सोमवारी त्या अशा भिंतींपुढे हात जोडून उभ्या राहत. त्यांना जर गायतोंड्यांपुढे उभं केलं असतं, तर 'यात आहे काय' असं त्यांनी विचारलं असतं, पण 'हे कसं केलं असेल' हे बहुधा आपल्याआधी ओळखलं असतं.

१९६३ साली मॉरिस ग्रेव्ह्ज नावाचे अमेरिकी चित्रकार भारतात आले होते. त्यांनी गायतोंड्यांचं काम पाहिलं आणि न्यूयॉर्कच्या गॅलरीला पत्र लिहून त्यांची तोंड भरून शिफारस केली. १९६४मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून शिष्यवृत्ती मिळून गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. रॉथ्को वगैरे मंडळींची भिंतीएवढी रंगचित्रं तिथे त्यांच्या समोर आली. परत आल्यावर त्यांची चित्रं अधिक शांत, अधिक उभी झाली. १९७१ साली पद्मश्री मिळाली. १९७२मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि दिल्लीत निजामुद्दीन ईस्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या जागेत बिऱ्हाड केलं. बिऱ्हाड म्हणणंही जास्तच. लग्न केलं नाही. घरच्यांशी संबंध जवळपास तुटलेले. सामान मोजकं, पुस्तकं, गाणं, आणि कॅनव्हास. वर्षाला पाचसहा चित्रं. बस.

या भागावर लिहिणारे बहुतेक लोक भारावून जातात. झेन, मौन, ऋषी, असे शब्द येतात. झेनचं वाचन त्यांचं होतंच. रमण महर्षींचा प्रभाव होता. गिरगावात खेतवाडीला बिड्यांचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांना ते मानत. सगळं खरं. पण मला या कथेत आणखी एक बाजू दिसते, ती सांगितली नाही तर हे सदर खोटं होईल. आईवडील, भावंडं यांच्या बाजूने पाहा. घरातला मुलगा निघून जातो, पत्र नाही, सणाला येणं नाही. जगाला तो संत वाटतो, घराला तो रिकामा पाट असतो. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं असू शकतं. आपल्या समाजात अशा माणसाला आपण जिवंतपणी 'विक्षिप्त' म्हणून सोडून देतो आणि लिलाव झाला की 'आपले' म्हणून परत घेतो. त्या सकाळच्या अंगठ्यांत मला ते जरा खुपलं.

१९८४ साली त्यांना अपघात झाला. मोठा कॅनव्हास पेलणं काही वर्षं जमेना. मग काय केलं? कागद घेतला आणि त्यावर शाईने छोटी छोटी रेखाटनं केली. एखाद्या अनोळखी लिपीतली अक्षरं असावीत तशी ती दिसतात. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जवळचा भाग आहे. शेकडो कोटींच्या बातम्यांत तो कधी येत नाही. हाताने साथ सोडली तेव्हा त्यांनी कामाचं माप लहान केलं, काम सोडलं नाही. पुढे पुन्हा मोठ्या कॅनव्हासकडे वळले, १९९८च्या सुमाराला ते थांबलं, आणि १० ऑगस्ट २००१ला गुडगावात गेले.

किमतीचं दोन वाक्यांत सांगते, कारण तुमच्यापैकी निम्मे इथवर त्यासाठीच आले असणार. २०१३च्या डिसेंबरात मुंबईत त्यांचं चित्र २३ कोटी ७० लाखांना विकलं गेलं, तेव्हापासून ही चढण सुरू आहे. हे लिलाव सगळे मृत्यूनंतरचे आहेत आणि लिलावात पैसे मिळतात ते चित्र विकणाऱ्या संग्राहकाला, त्यामुळे 'गायतोंड्यांनी ६७ कोटी कमावले' हे वाक्य चूक आहे. वर्षाला पाचसहाच चित्रं म्हणजे बाजारात माल थोडा, घेणारे फार. भाव चढायला एवढं पुरतं. चित्र चांगलं की नाही, याच्याशी या गणिताचा संबंध असलाच तर दूरचा. त्यापेक्षा मला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, ही बातमी मोलाची वाटते. क्युरेटर संधिनी पोद्दार यांनी जगभरातून चित्रं गोळा केली होती, आणि तिथे लोक रांग लावून नुसते बघायला आले.

मराठीत वाचायचं असेल तर सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'ने काढलेला 'गायतोंडे' हा जाडजूड ग्रंथ आहे. त्यात त्यांना ओळखणाऱ्या माणसांनी लिहिलं आहे, त्यामुळे त्यात देव कमी आणि माणूस जास्त सापडतो. ज्ञानेश्वर नाडकर्णींनी तर १९८३ सालीच ललित कला अकादमीसाठी त्यांच्यावर पुस्तिका लिहिली होती, जेव्हा भाव वगैरे काही नव्हता. दिल्लीला गेलात तर जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चौकशी करा.

आणि गोव्याला याल तेव्हा. आता मोपा विमानतळ पेडण्यातच आहे, त्यामुळे तुम्ही उतरता ते आमच्या दारातच. तुमच्यातले बहुतेक जण तिथून मोरजीच्या किनाऱ्यावर जातात, मला ठाऊक आहे. जा. पण त्याच गावात मोरजाई आहे, चपला काढून अर्धा तास आत बसा. दुसऱ्या दिवशी डिचोलीकडे निघा. दिवाडीहून फेरीने नार्व्याला उतरता येतं, देव ज्या बाजूने आला त्याच बाजूने. सप्तकोटेश्वराचं देऊळ सरकारच्या पुरातत्त्व खात्याने दुरुस्त केलं आणि २०२३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. जुनं देऊळ न पाडताही जीर्णोद्धार होतो, याचा पुरावा म्हणून ते पाहा.

हा पुरावा लागतो म्हणून सांगते. पेडणे तालुक्यातल्या एका देवळात, नाव घेत नाही, माझ्या लहानपणी सभामंडपाच्या भिंतीवर कावीची पट्टी होती. वेल होती, मधे मोर होते. आम्ही पोरं जत्रेच्या रात्री दशावतार सुरू व्हायची वाट बघत त्या मोरांच्या चोची मोजायचो. पाचसहा वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. आता तिथे खालून चार फूट ग्रॅनाइटच्या फरश्या आहेत आणि वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. फरशा बसाव्यात म्हणून जुना गिलावा छिन्नीने टवका टवका काढला. कोणी वाईट हेतूने केलं नाही. लोकांनी घामाचे पैसे दिले होते, देवाचं घर लख्ख दिसावं एवढीच इच्छा होती. समितीतल्या एका वडीलधाऱ्यांना मी विचारलं, तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, "अगो, ते जुनं झालं होतं, पुसट. त्यात काय दिसत होतं?"

म्हणजे गटावरच्या काकांचाच प्रश्न.

वर्गणीचा क्यूआर कोड आता तुमच्या मोबाइलवर येतो, मुंबईत, पुण्यात, बंगळुरात, दुबईत. पैसे द्या, जरूर द्या. देताना समितीला एक ओळ लिहून विचारा की भिंतींचं काय करणार आहात. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढवला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि भिंत आतून कुजते, हे कुठलाही जाणकार सांगेल. म्हणजे प्रश्न नुसता कलेचाही नाही, खर्चाचा आहे. समित्यांना खर्चाची भाषा चटकन समजते. आणि दूरच्या तरुण मुलाने विचारलेला प्रश्न त्या मंडळींना गावातल्या माणसाच्या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. हे बरोबर नाही, पण आहे तसं, तर त्याचा उपयोग करून घ्या.

आणखी एक काम आहे, ते घरबसल्या होईल. आपल्या आजीआजोबांच्या कपाटात जुने अल्बम असतात. मुंजी, लग्नाआधीचं देवदर्शन, नव्या सुनेची ओटी. सगळे फोटो देवळात काढलेले, आणि माणसांच्या मागे भिंत. माणसं ओळखीची म्हणून आपण त्यांच्याकडेच बघतो. या वेळी मागे बघा. तांबडी-पांढरी पट्टी, एखादी वेल, अर्धा मोर दिसला तर फोटो मोबाइलने नीट सरळ धरून काढा. देवळाचं नाव, गाव आणि अंदाजे साल आजीला विचारून लिहून घ्या, आणि संपादकांकडे पाठवा. आजीला विचाराल तेव्हा भिंतीबद्दल विचारा, ती आधी लग्नाबद्दलच सांगेल, तेही ऐकून घ्या. भाच्याने परवा पहिला फोटो पाठवला आहे. १९७८चा, कृष्णधवल. त्यात माझी आई आहे, कडेवर मी आहे, आणि आमच्या मागे सात मोर मोजता येतात.